नानांचा आखडलेला हात आणि चिनी सुया

ताई, नमस्कार.

माझे वडील, नाना, वय ६६. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, मी लग्नानंतर नाशिकला इंदिरानगरला असते. वर्ष-सव्वा वर्षापासून नानांचा उजवा हात आखडलाय. आधी सगळे फ्रोझन शोल्डर म्हणाले. शेक झाला, मालीश झाली, खांद्यात इंजेक्शनही झालं. गेल्या गोडी छाटणीला हातात कात्री चालेना, तेव्हा नाशिकला न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी हात वाकवून पाहिला, चालायला लावलं आणि म्हणाले, रिजिडिटी, म्हणजे ताठरपणा आहे, पार्किन्सन्सची सुरुवात वाटते. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या दिल्या. तीन आठवडे झाले, नानांना मळमळतं म्हणून ते गोळी टाळतात. आई म्हणते, म्हातारपणाचा वात आहे. आता माझ्या दिरांनी एक चायनीज थेरपी सेंटर शोधलंय. सुया, कपिंग आणि काढ्याच्या पावडरीच्या पुड्या, असं २१ सिटिंगचं पॅकेज. तिथले म्हणाले, हा लिव्हरचा वारा आहे, स्नायू मोकळे करू, तीन महिन्यांत गोळ्या बंद. नाना खूश आहेत, त्यांना गोळ्या नकोच आहेत. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, शिवाय ॲसिडिटीची एक कॅप्सूल ते दोन वर्षांपासून रोज मेडिकलमधून आणून घेतात. परवा त्यांची फवारणीची वही उघडली, तर अक्षर इतकं बारीक झालंय की वाचवत नाही. हरिपाठाला टाळ वाजवायचे, आता मागे पडतो म्हणून जातच नाहीत. हा ताठरपणा नेमका आहे काय? चिनी उपचार करावेत का?

— एक लेक, नाशिक

नमस्कार.

घाईचं आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचा. नानांची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका. लेव्होडोपा अचानक थांबवल्यावर काही जणांचं अंग लाकडासारखं कडक होतं, सणसणून ताप चढतो, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, आणि हे जिवावर बेतू शकतं. वर्षानुवर्षं मोठा डोस घेणाऱ्यांना हा धोका जास्त, तीन आठवड्यांच्या लहान डोसला कमी. पण गोळी टाळायची सवय आत्ताच लागते आणि पुढे नडते. एकादशीलाही गोळी चुकवायची नाही. मळमळीवर उपाय आहेत, ते पुढे येतीलच.

घाईची दुसरी गोष्ट म्हणजे ती ॲसिडिटीची कॅप्सूल. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, माझी नजर मात्र तिथेच अडकली. आजच्या आज स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडे ॲसिडिटीच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं. ते मेंदूत डोपामिनची वाट अडवतं. डोपामिन म्हणजे हालचालींचे निरोप नेणारं मेंदूतलं रसायन, नानांच्या लेव्होडोपाचं मेंदूत तेच बनतं. महिनोन्‌महिने पोटात जात राहिलं, तर हुबेहूब पार्किन्सन्ससारखा ताठरपणा आणि मंदपणा येऊ शकतो. चक्करेवरच्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिनचं, उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिनचं तसंच आहे. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही हे होतं, फक्त ती औषधं आपल्या मनाने कधीच थांबवायची नसतात. असं औषध सुटल्यावर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत हात बराच मोकळा झालेले पेशंट मी पाहिले आहेत. काहींच्या बाबतीत मात्र आत दबून बसलेला पार्किन्सन्स त्या औषधाने फक्त लवकर उघडा पडतो. नानांचं यातलं काय आहे, हे न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील. पण त्यांना ती कॅप्सूल माहीत असायला हवी, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेलं औषध कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घाला आणि ती पिशवी घेऊन जा.

आता ताठरपणाबद्दल.

आपण मराठीत अंग आखडलं, शीर आखडली, खांदा जाम झाला, पायात गोळा आला हे सगळं एकाच सुरात बोलतो. शरीराच्या लेखी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. गोळा म्हणजे एकच स्नायू अचानक आवळतो, दुखतो आणि सुटतो. फ्रोझन शोल्डरमध्ये खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण आक्रसतं. हात ठरावीक जागेपर्यंत जातो आणि तिथे भिंत लागल्यासारखा थांबतो. कोपर आणि मनगट मात्र छान सैल असतात. लकव्यानंतर येणारा कडकपणा तिसराच. हात हळू हलवला तर येतो, झटक्यात ओढला तर अडतो, आणि मग मिटवायच्या चाकूसारखा एकदम सुटतो. नानांना डॉक्टरांनी सांगितलेली रिजिडिटी या सगळ्यांहून वेगळी. द्राक्षाच्या मांडवाची जाड तार कधी हाताने वाकवली असेल, तर आठवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती सारखाच विरोध करते, हळू वाकवा की जोरात, इकडे वाकवा की तिकडे. रिजिडिटीतला हात तसा लागतो. त्यात थरथर मिसळली असली, तर दातेरी चाक फिरवल्यासारखे बारीक बारीक गचके हाताला जाणवतात.

हे मी पुस्तकातून शिकले होतेच, पण कळलं एका चुकीतून. बारा-तेरा वर्षांपूर्वी पंचवटीतले एक शिंपीकाका माझ्याकडे खांद्यासाठी यायचे. मी पाच महिने फ्रोझन शोल्डर म्हणून त्यांचा हात ताणत राहिले. फरक शून्य. एके दिवशी त्यांचं उजवं मनगट माझ्या हातात होतं, मी ते सहज वरखाली करत होते, आणि तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने खिशातून चष्मा काढला. डावा हात हलला त्या क्षणी उजवं मनगट माझ्या बोटांत घट्ट झालं. कट, कट, कट असे तीन गचके लागले. चष्मा डोळ्यांवर गेला, डावा हात खाली आला आणि मनगट पुन्हा निवळलं. मी तशीच बसून राहिले. पाच महिने मी खांदा बघत होते, मनगट धरून पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सन्सवर शिक्कामोर्तब केलं. ते पाच महिने मी काकांना परत देऊ शकले नाही. तेव्हापासून एका बाजूचा खांदा आखडलेला साठीच्या पुढचा माणूस आला की मी त्याला आधी दुसऱ्या हाताने मांडीवर थापा मारायला लावते आणि मनगट धरते. तुमच्या नानांच्या बाबतीत कुणाची चूक झाली, याचा विचार करून जीव जाळू नका. खांद्याचं दुखणं ही पार्किन्सन्सची पहिली खूण असणं इतकं नेहमीचं आहे की भल्याभल्यांची फसगत होते.

बिघाड कुठे असतो, तर मेंदूच्या बुंध्याशी. तिथल्या काळपट रंगाच्या पेशी डोपामिन तयार करतात. आपण कोपर वाकवतो तेव्हा पुढचा स्नायू आवळतो आणि मागच्याला सैल व्हावं लागतं. बैलजोडीतला एक ओढत असताना दुसऱ्याने कासरा सैल ठेवावा, तसं. हा ताळमेळ डोपामिनवर चालतो. त्या पेशी निम्म्याहून अधिक कमी झाल्या की सैल पडण्याचा निरोप नीट पोचत नाही आणि दोन्ही बैल एकाच वेळी ओढायला लागतात. म्हणून हात जड वाटतो, चालताना हलत नाही, चेहरा थिजल्यासारखा दिसतो आणि अक्षर बारीक होत जातं. स्नायू स्वतः आजारी नसतात. त्यामुळे ‘स्नायू मोकळे करू’ हे वाक्य मला खटकतं. मालिशीने, शेकाने त्यांना घटकाभर बरं वाटतं, आणि ते वाटायलाही हवं, पण निरोप जिथे अडकलाय ती जागा तेलाच्या आवाक्यात नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर पहिल्यांदा निबंध लिहिला तो सहा पेशंटवरून, आणि त्यात भर होता थरथरीवर. ताठरपणाचं महत्त्व पुढे पॅरिसच्या शार्को यांनी ठसवलं. आजही लोक थरथर दिसली तरच पार्किन्सन्स समजतात. नानांच्या हाताला थरथर नसेल, तर घरातल्यांना पटायला वेळ लागेल.

आईंचं ‘वात आहे’ हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. आयुर्वेदात कंपवात आहेच. चीनमध्येही दोन हजार वर्षांपूर्वी हाच विचार झाला होता. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या त्यांच्या जुन्या वैद्यकग्रंथात, अचानक येणारा सगळा ताठरपणा वाऱ्याचा आणि कंप, भोवळ ही यकृताकडची, अशा अर्थाची सूत्रं आहेत. त्यांच्या मते यकृत शिरा-स्नायूंचं पोषण करतं. ते पोषण आटलं की शरीराच्या आतच वारा सुटतो आणि वाऱ्याने झाड हलावं तसं अंग हलतं किंवा ताठतं. तुमच्या दिरांना सांगितलेला ‘लिव्हरचा वारा’ तो हाच. विचार म्हणून तो सुसंगत आहे. पण त्यांचं यकृत म्हणजे रक्ततपासणीत एसजीपीटी दाखवणारं यकृत नव्हे, ते त्या शास्त्रातलं एक कल्पनेचं खातं आहे. तेव्हा कुणी ‘लिव्हर साफ करायला’ म्हणून काही पाजणार असेल, तर नको म्हणा. डोपामिनच्या पेशी कमी होण्याचा आणि पोटातल्या यकृताचा इथे संबंध नाही.

सुयांचं म्हणाल, तर माझा त्यांना विरोध नाही. मी स्वतः टोचत नाही, पण माझे काही पेशंट ॲक्युपंक्चर घेतात. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे शाळेत शिकलोय. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुयांचं शास्त्र शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी ते कलकत्त्यात आणलं. म्हणजे ही काही कालपरवाची टूम नाही. आखडलेल्या अंगासाठी ते गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूचा एक बिंदू घेतात, त्याला स्नायूंचा मेळाच म्हणतात. हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधला, असे दोन्ही बाजूंचे मिळून चार बिंदू घेतले की त्यांना ‘चार दरवाजे’ असं नाव आहे. मान-पाठीच्या जुन्या दुखण्यावर सुयांनी थोडा आराम पडतो, हे बऱ्यापैकी अभ्यासातून दिसलंय. पार्किन्सन्सच्या ताठरपणावर मात्र झालेले अभ्यास बहुतेक छोटे, आणि कुणाला खरी सुई मिळाली, कुणाला खोटी, हे नीट न झाकलेले. सुयांनी हा आजार थांबतो किंवा गोळीची गरज संपते, याला आधार नाही. खांद्याचं दुखणं कमी होऊन नानांना रात्री झोप लागली, तर तेवढं मिळवणंही मोलाचं आहे. सुईकडून माझी अपेक्षा एवढीच असते.

जायचं ठरलं, तर तीन महिन्यांत गोळ्या बंद करू म्हणणाऱ्या सेंटरमध्ये जाऊ नका. हे एकच वाक्य पुरेसं आहे, बाकी तिथे कितीही स्वच्छ टाइल्स असोत. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि कौन्सिलकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक विचारा, विचारायला संकोच नको. सुया एकदाच वापरायच्या, तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या असाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. पेसमेकर असेल किंवा पार्किन्सन्ससाठी मेंदूत यंत्र बसवलं असेल, तर सुयांना विजेचा करंट जोडू द्यायचा नाही. खांद्यावर आणि छातीच्या मागे सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. क्वचितच होते, पण होते, म्हणून अनुभवी हात हवा. पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका, सिटिंगमागे द्या. आणि सुरू करण्याआधी मोजायच्या दोन गोष्टी ठरवा. शर्टाची सगळी बटणं लावायला किती वेळ लागतो, आणि ओट्यापासून विहिरीपर्यंत जाऊन यायला किती. सहा-आठ सिटिंगनंतर पुन्हा मोजा. फरक नसेल तर थांबा.

कपिंग म्हणजे आपली तुंबडी. माझ्या आजीच्या काळी गावोगाव तुंबडी लावणारे फिरायचे. कोरडी तुंबडी पाठीला लावली तर चार दिवस गोल वळ उठतील, जरा हलकं वाटेल, त्यापलीकडे फारसं काही नाही. रक्त काढणारी मात्र नको. चिनी वैद्य एक वनस्पती पेटवून शेकही देतात. आपण चैत्रात देवाला वाहतो त्या दवण्याच्या कुळातलीच ती. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला त्या शेकाने भाजलेलं कळत नाही, एवढं कुणी मधुमेही वाचत असेल तर लक्षात ठेवावं.

आता पुड्या. इथे मी स्पष्ट नाही म्हणते.

चिनी औषधं वाईट, असं माझं म्हणणं नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन त्याच परंपरेतून आलं आणि थू यूयू यांना २०१५ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. पण ते गाळून, तपासून, मापात बसवलेलं औषध आहे. तुमच्या पुडीवर नाव नाही, माप नाही. आखडण्यावरच्या चिनी औषधांत कुचला वापरतात, आपल्या कोकणात त्या झाडाला काजरा म्हणतात. त्यातलं स्ट्रिकनिन जास्त झालं, तर त्यानेच अंग धनुष्यासारखं ताठतं. म्हणजे ज्या दुखण्यावर घेतलं तेच दुखणं, दसपट. दुखण्यावरच्या काढ्यांत बचनागाच्या जातीची मुळं असतात, ती नीट शिजली-शोधली नाहीत तर हृदयाचे ठोके बिघडतात. बेल्जियममध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या चिनी पावडरीत एका मुळीच्या जागी नावाने जवळची दुसरीच मुळी गेली आणि शंभरावर बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. ज्या मुळीच्या जागी ती गेली, ती मूळची सांधे आखडण्यावरचीच. सगळ्यात निरुपद्रवी वाटणारं उदाहरण ज्येष्ठमधाचं. पायांच्या गोळ्यांवर चीन-जपानमध्ये पिओनीचं मूळ आणि ज्येष्ठमध यांचा जुना काढा आहे, त्याचा गुणही येतो. पण ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं की बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. नानांना बीपी आहे. पुडीत काय आहे हेच माहीत नसताना कुणाला काय विचारणार?

गावाकडे कुणीतरी खाजकुयलीचं, म्हणजे कवचबीजाचं चूर्णही सुचवेल, म्हणून आधीच लिहिते. त्या बियांत खरोखर लेव्होडोपा असते. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच शास्त्रज्ञांनी ती वेगळी काढून दाखवली. म्हणूनच गोळीच्या जोडीला ते चूर्ण घेणं म्हणजे न मोजता दुसरी गोळी घेणं. वैद्यांकडून घ्यायचंच असेल, तर न्यूरॉलॉजिस्ट आणि वैद्य दोघांना एकमेकांची औषधं माहीत असू द्या.

चिनी परंपरेतलं जे मला नानांसाठी मनापासून हवंय, ते कुठल्या पॅकेजमध्ये मिळत नाही. ते म्हणजे ताई-ची. पाण्यात चालल्यासारख्या संथ, गोलाकार हालचाली, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेत नेत. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये पार्किन्सन्सच्या १९५ पेशंटवर अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये छापून आला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. ताई-ची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुधारला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. वारा, यकृत यातलं काही मानायची गरज नाही, शरीराने ते करायचं एवढंच.

निफाडला ताई-चीचा वर्ग कुठे शोधणार, असं म्हणाल. शोधू नका. नानांना हरिपाठाला परत पाठवा. पार्किन्सन्समध्ये आपोआप होणाऱ्या हालचाली मंदावतात, पण बाहेरून ठेका मिळाला की पाऊल त्या ठेक्याला धरून पडतं. जगभर फिजिओथेरपिस्ट यासाठी मेट्रोनोम, म्हणजे टकटक ठेका देणारं यंत्र, लावतात. नानांच्या हातात टाळ आहे. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, तेव्हा वारकरी पावली खेळतात ती आठवा. एक पाऊल पुढे, वजन त्यावर, मागे, बाजूला, अंग वळवत, टाळाच्या ठेक्यात. व्यायाम म्हणून मी याहून चांगलं काही बसवू शकले नसते. मागे पडतो म्हणून ते जात नाहीत ना? मंडळातल्या एकाला विश्वासात घ्या, सुरुवातीला नानांसाठी चाल जरा संथ धरा म्हणावं. पावलीला बाजूला एक माणूस उभा राहू दे, भिंत किंवा खांब हाताशी असू दे. रोज घरीही वीस मिनिटं करू देत, गोळी घेतल्यावर पाऊण ते एक तासाने, कारण त्या वेळी अंग सगळ्यात मोकळं असतं. चालताना हात मुद्दाम मोठे हलवायचे, पाऊल मुद्दाम लांब टाकायचं. नानांना ते अति वाटेल, बघणाऱ्याला नेमकं बरोबर दिसेल. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी दोन्ही गुडघे जोडून या कुशीवरून त्या कुशीवर दहा वेळा. मालीश करायची तर कोमट तेलाने, हलक्या हाताने. हात ओढून, कडकन मोडून देणाऱ्याला घरात घेऊ नका.

मळमळ बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. तोवर गोळीआधी अर्धी पोळी किंवा दोन खारी खाऊ देत. दूध, पनीर, अंडी, डाळीची वाटी गोळीसोबत नको, प्रथिनं गोळीची वाट अडवतात. एकदा मळमळ थांबली की जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेणं सगळ्यात चांगलं. लोहाची गोळी असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. डॉक्टरांना सांगितलंत तर ते डोस हळूहळू चढवतील किंवा डोमपेरिडोन देतील. मेडिकलमधून उलटीची गोळी आणू नका, ती मेटोक्लोप्रमाइड निघाली तर ताठरपणा वाढेल. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांगा, पोट साफ नसलं की गोळी नीट लागू पडत नाही.

एक बोलायचं राहिलं, आणि बागायतदारांच्या घरात ते बोलायला जड जातं. पॅराक्वाटसारखं तणनाशक आणि रोटेनोनसारखं कीटकनाशक यांचा पार्किन्सन्सशी संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. नानांना फवारणीनेच झालं, असं कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही, मीही नाही. पण यापुढे नानांनी टाकीजवळ उभंसुद्धा राहू नये. आणि आता जो कुणी फवारतो, भाऊ असेल नाहीतर मजूर, त्याला हातमोजे आणि चांगला मास्क द्या. उकाड्यात मास्क सहन होत नाही, हे मला माहीत आहे. सकाळी लवकर फवारा, पण मास्क लावूनच.

हेच पत्र वाचून आपापलं अंग चाचपणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. तिशीतल्या मुलाची कंबर सकाळी तास-तासभर आखडून नंतर हालचालीने सुटत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. जखमेनंतर जबडा ताठला, तापात मान ताठली, एक बाजू अचानक जड होऊन जीभ अडखळली, तर सुई नको, तुंबडी नको, रिक्षा करा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि ती फवारणीची वही. ती नानांकडून काढून घेऊ नका. त्यातच नवीन पान उघडून द्या. गोळी किती वाजता घेतली, हात किती वाजता सैल वाटला, किती वाजता पुन्हा जड झाला. पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना ते पान सगळ्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगेल. लिहायचं नानांनीच. पेन जरा जाड द्या आणि सांगा, अक्षर दोन रेघांना टेकलं पाहिजे, पहिलीच्या वहीत काढायचे तसं.